गर्भाधानाचे वय आणि अपत्याचे आयुष्य

आयुर्वेद हे आयुष्याचे शास्त्र आहे, हे वाक्य आपण प्रत्येक व्याख्यानाच्या आरंभी उच्चारतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात हितायु, अहितायु, सुखायु व दुःखायु असे चार प्रकार वर्णून आयुष्याचे मान सांगणे हेही या शास्त्राचे कार्य मानले आहे. परंतु हे मान कोठून मोजावयाचे? रसायन, दिनचर्या, सद्वृत्त यांच्या चर्चेत आपण जन्मलेल्या माणसाच्या आयुष्याचा विचार करतो. त्या आयुष्याचा काही अंश तो गर्भात येण्यापूर्वीच, त्याच्या मातापित्यांच्या वयाने ठरलेला असतो काय, हा प्रश्न आपल्या परिषदांतून क्वचितच चर्चिला जातो.

चिकित्सालयात मात्र तो रोज येतो. विवाहाला पाच-सहा वर्षे झालेले दांपत्य समोर बसते. पत्नीचे वय तिच्या सासूबाईंना महिन्यांसह पाठ असते. पतीचे वय कोणी विचारलेले नसते. ‘उशीर झाला का?’ हा प्रश्न येतो, आणि तो बहुधा स्त्रीकडे पाहूनच विचारला जातो. ही विषमता केवळ सामाजिक नाही. तिला आपल्या शास्त्राच्या अर्धवट वाचनाचाही आधार मिळाला आहे, असे आमचे स्पष्ट मत असून त्याविषयीचे विचार वैद्य बंधुभगिनींपुढे मांडीत आहोत.

शास्त्राचे पूर्ण वाचन

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातील दहावा अध्याय सर्वांच्या परिचयाचा आहे. सोळा वर्षांहून लहान स्त्री आणि पंचवीस वर्षांहून लहान पुरुष यांच्यापासून राहिलेला गर्भ कुक्षीतच नष्ट होतो; जन्मलाच तर फार काळ जगत नाही; आणि जगलाच तर दुर्बलेंद्रिय राहतो, असा तेथील आशय आहे. अष्टांगहृदयात वाग्भटांनी स्त्रीचे पूर्ण सोळा व पुरुषाचे पूर्ण वीस वर्षे वय सांगून, त्याहून कमी वयात झालेले अपत्य रोगी, अल्पायु किंवा भाग्यहीन होते, अथवा गर्भच राहत नाही, असे म्हटले आहे. पुरुषाच्या वयाविषयी आचार्यांत पाच वर्षांचे अंतर आहे. अपत्याच्या आयुष्यावर होणाऱ्या परिणामाविषयी मात्र एकवाक्यता आहे.

येथपर्यंतचे वचन सर्वांना पाठ असते. पुढचा भाग राहून जातो. त्याच अध्यायात सुश्रुतांनी अतिवृद्ध व दीर्घरोगी स्त्रीच्या ठायी गर्भाधान निषिद्ध मानले आहे आणि पुरुष तसा असल्यास तेच दोष संभवतात, असेही सांगितले आहे. चरकांनी शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात अतिबाला व अतिवृद्धा या दोघींना वर्ज्य ठरविल्यावर लगेच पुरुषाच्या बाबतीतही हेच दोष जाणण्यास सांगितले आहे. म्हणजे आचार्यांच्या विधानाला तीन अंगे आहेत. मातापित्यांच्या वयाचा परिणाम अपत्याच्या आयुष्यावर व इंद्रियबलावर होतो, हे पहिले. तो वयाच्या दोन्ही टोकांना होतो, हे दुसरे. आणि तो माता व पिता या दोहोंकडून होतो, हे तिसरे. यांपैकी पहिल्या अंगाचा आपण उच्चार करतो, दुसरे स्त्रीपुरते मर्यादित करतो आणि तिसरे विसरतो.

अतिवृद्ध म्हणजे नेमके किती वयाचे, याचा आकडा या स्थळी दिलेला नाही. तथापि सुश्रुतांच्या सूत्रस्थानातील पस्तिसाव्या अध्यायात मध्यम वयाचे जे विभाग दिले आहेत, ते येथे उपयोगी पडतात. विसाव्या वर्षापर्यंत वृद्धी, तिसाव्यापर्यंत यौवन, चाळिसाव्यापर्यंत सर्व धातू, इंद्रिये, बल व वीर्य यांची संपूर्णता आणि त्यानंतर सत्तरीपर्यंत किंचित हानी, असा तो क्रम आहे. यातील ‘किंचित’ हा भाव महत्त्वाचा आहे. चाळिशीला दार बंद होते असे आचार्य म्हणत नाहीत. उतार लागतो, एवढेच म्हणतात.

याच ओघात एक गोष्ट स्पष्टपणे नोंदविली पाहिजे. सुश्रुतसंहितेच्या प्रचलित पाठात त्याच ठिकाणी वधूचे वय बारा वर्षे दिलेले आहे. ते वाक्य झाकून ठेवण्यात अर्थ नाही. विवाहाचे वय ही त्या काळाची रूढी होती. गर्भाधानाच्या वयाची मर्यादा हे वैद्याचे निरीक्षण होते. रूढी बदलली आणि ती बदलणे इष्टच होते. निरीक्षण मात्र आजच्या कसोटीवर घासून पाहता येते.

बीज कसे जुने होते

पाश्चात्य वैद्यकात या विषयाकडे लक्ष गेले ते शंभरएक वर्षांपूर्वी. १९१२ मध्ये जर्मनीतील वाइनबर्ग यांनी अकॉन्ड्रोप्लेझिया हा खुजेपणाचा विकार भावंडांपैकी शेवटच्या अपत्यांत अधिक दिसतो, असे नोंदविले. पुढे त्याचा संबंध पित्याच्या वाढत्या वयाशी असल्याचे स्पष्ट झाले. १९१८ मध्ये दूरध्वनीचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी अमेरिकेतील हाइड घराण्याच्या वंशावळीवरून आयुर्मानाचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९३३ मध्ये इंग्लंडमधील पेनरोज यांनी डाऊन सिंड्रोमचा संबंध मातेच्या वयाशी आहे, भावंडांतील क्रमाशी नव्हे, हे दाखवून दिले. आज आपण जाणतो की मातेच्या पंचविसाव्या वर्षी हा विकार सुमारे १२०० जन्मांत एकदा आढळतो, तर चाळिसाव्या वर्षी सुमारे १०० जन्मांत एकदा.

स्त्रीबीज व पुरुषबीज यांच्या जुने होण्याची रीत भिन्न आहे. स्त्रीची सर्व बीजे ती स्वतः मातेच्या गर्भात असतानाच तयार झालेली असतात. पस्तीस वर्षांच्या स्त्रीचे बीजही तिच्याइतकेच जुने असते. इतकी वर्षे अर्धवट थांबलेले विभाजन पूर्ण होताना गुणसूत्रांची वाटणी चुकण्याचा संभव वयाबरोबर वाढत जातो. पुरुषाचे बीज मात्र नित्य नवे तयार होते. पण ते जुन्या लेखनाची प्रत काढावी तसे तयार होते. यौवनारंभानंतर वृषणातील मूळ पेशी वर्षाला सुमारे २३ वेळा विभागतात, असा अंदाज आहे. प्रतीवरून प्रत काढताना जशा लेखनिकाच्या चुका साठत जातात, तशाच येथेही साठतात.

या चुका मोजण्याचे मोठे काम आइसलँडमध्ये झाले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तेथील अभ्यासात माता, पिता व अपत्य अशा ७८ त्रयींची संपूर्ण जनुकीय तपासणी करण्यात आली. वीस वर्षांच्या पित्याकडून अपत्यात सुमारे २५ नवे बदल येतात, चाळीस वर्षांच्या पित्याकडून सुमारे ६५, तर मातेकडून वय काहीही असले तरी सुमारे १५, असे त्यात आढळले. २०१७ मध्ये १५४८ त्रयींच्या अधिक मोठ्या अभ्यासाने मातेकडूनही वयानुसार थोडी वाढ होते, हे दाखविले. पित्याकडून वर्षाला दीड आणि मातेकडून सुमारे ०.३७. यांतील बहुसंख्य बदल निरुपद्रवी असतात. परंतु ‘वय स्त्रीचेच पाहावे’ या समजुतीला येथे आधार उरत नाही.

चरकांनी शारीरस्थानात बीज, बीजभाग व बीजभागावयव असे सूक्ष्म भेद करून, ज्या अवयवाचा बीजभाग उपतप्त होतो त्या अवयवाची विकृती अपत्यात येते, असे सांगितले आहे. चरकांना जनुके ठाऊक होती, असा दावा आम्ही करीत नाही. असे दावे शास्त्राचा मान वाढवीत नाहीत. पण हे सर्व निष्कर्ष ठेवण्यासाठी लागणारी चौकट आपल्याकडे तयार आहे, एवढे निश्चित.

आता प्रत्यक्ष आयुर्मानाकडे वळू. १९४७ मध्ये लान्सिंग या अमेरिकन संशोधकाने रोटिफर या सूक्ष्म जलजीवावर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. प्रत्येक पिढीत वृद्ध मातांचीच अंडी निवडीत गेल्यास संततीचे आयुष्य घटत जाऊन ती शाखा काही पिढ्यांत नामशेष झाली. तरुण मातांची अंडी निवडू लागताच आयुष्य पुन्हा वाढले. माणसांच्या बाबतीत लिओनिद गाव्रिलोव व नतालिया गाव्रिलोवा यांनी युरोपातील सरदार घराण्यांच्या वंशावळी तपासल्या. पन्नास ते एकोणसाठ वर्षे वयाच्या पित्यांच्या कन्या, वीस ते एकोणतीस वर्षे वयाच्या पित्यांच्या कन्यांपेक्षा सरासरी सुमारे ४.४ वर्षे कमी जगल्या; पुत्रांत असा फरक ठळकपणे दिसला नाही. पित्याचे एक्स गुणसूत्र फक्त कन्येला मिळते, हे त्याचे संभाव्य कारण त्यांनी मांडले. अमेरिकेतील शतायुषी व्यक्तींच्या अभ्यासात त्यांनाच असेही आढळले की पंचवीस वर्षांच्या आतील मातेच्या पोटी जन्मलेल्यांना शंभरी गाठण्याची शक्यता त्यांच्या इतर भावंडांपेक्षा अधिक असते.

दुसरी बाजू

येथेच थांबलो, तर आपणही अर्धेच वाचन केले असे होईल. गुणसूत्रांच्या टोकांशी असलेले टेलोमियर वयाबरोबर आखूड होत जातात आणि त्यांची लांबी हे वार्धक्याचे एक गमक मानले जाते. वयस्क पित्यांच्या अपत्यांत मात्र हे टेलोमियर अधिक लांब आढळतात. फिलिपिन्समधील सेबू येथील २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर आजोबांच्या वयाचाही असाच परिणाम नातवंडांत दिसला. म्हणजे वयस्क बीज सर्वच दृष्टींनी हीन असते, असे सरसकट म्हणता येत नाही.

मातेच्या वयाविषयीही तसेच. मिर्सकिला व फेनेलन यांनी अमेरिकेतील प्रौढ व्यक्तींच्या आरोग्याचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. पस्तिशीनंतर झालेल्या अपत्यांचे आरोग्य काहीसे कमी दिसले खरे, पण त्याचे कारण बहुतांशी बीजात नव्हते. मातेचे शिक्षण आणि अपत्याच्या कोणत्या वयात ती निवर्तली, या दोन गोष्टी विचारात घेतल्यावर तो फरक उरला नाही. उलट पंचविशीच्या आत झालेल्या मातांच्या अपत्यांचे आरोग्य उणे राहिले. गाव्रिलोवांच्या निष्कर्षाशी याचा मेळ बसत नाही, हे उघड आहे. स्वीडनमध्ये २०१६ च्या एका अभ्यासात एकाच मातेच्या अपत्यांची तुलना केली असता उशिरा जन्मलेली भावंडे अधिक उंच व अधिक शिकलेली आढळली. मातेचे वय वाढत असताना तो देशही सुधारत होता; दहा वर्षांनी उशिरा जन्मलेल्या मुलाला अधिक चांगला काळ लाभला.

आयुर्वेदाच्या अभ्यासकाला यात विरोधाभास वाटू नये. गर्भसंभवाला ऋतू, क्षेत्र, अंबु व बीज ही चतुष्टयी लागते, असे सुश्रुत सांगतात. गर्भाच्या सहा भावांपैकी मातृज व पितृज हे केवळ दोन आहेत. सात्म्यज, रसज, सत्त्वज व आत्मज हे आणखी चार उरतात. बल वाढविणाऱ्या भावांची गणना करताना चरकांनी बलवान पुरुषांच्या देशात व काळात जन्म होणे, हे बीज व क्षेत्र यांच्या संपदेबरोबरच मोजले आहे. स्वीडनचा निष्कर्ष हा काळसंपदेचाच निष्कर्ष आहे.

विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात आयुष्य नियत की अनियत, हा प्रश्न आला आहे. ते दैव व पुरुषकार या दोहोंच्या योगावर अवलंबून असते; सर्वच नियत असते तर चिकित्सेचे प्रयोजनच उरले नसते, असा आत्रेयांचा निर्णय आहे. याचे आजच्या काळातील सर्वांत बोलके उदाहरण डाऊन सिंड्रोमचेच आहे. हा विकार बीजातला आणि त्यात वार्धक्याची लक्षणेही लवकर दिसतात. तरीही अमेरिकेत १९८३ मध्ये सुमारे २५ वर्षे असलेले या व्यक्तींचे सरासरी आयुर्मान आता सुमारे ६० वर्षांवर गेले आहे. बीज बदललेले नाही. हृदयावरील शस्त्रक्रिया, जंतुसंसर्गावरील उपचार आणि संस्थांऐवजी घरात मिळालेला सांभाळ, यांनी हा बदल घडविला. सहज दोषावर पुरुषकाराने मिळविलेला याहून मोठा जय आम्हांस ठाऊक नाही.

आपल्या राज्यातील दोन टोके

महाराष्ट्रात ही दोन्ही टोके एकाच वेळी नांदत आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यातील वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचा विवाह अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी झाला होता. २०१५-१६ मध्ये हेच प्रमाण २६.३ टक्के होते. घट झाली, परंतु पाच मुलींपैकी एकीहून अधिक अजूनही या जाळ्यात आहे. दुसरीकडे शहरांत शिक्षण, नोकरी व घराचे हप्ते यांच्या व्यापात पहिले अपत्य पस्तिशीकडे सरकले आहे.

अल्पवयीन मातेच्या अपत्यात कमी वजन व अपुऱ्या दिवसांचा जन्म यांचे प्रमाण अधिक असते, हे जागतिक आरोग्य संघटना वारंवार सांगते. जन्मवेळचे कमी वजन व उत्तरायुष्यातील हृद्रोग यांचा संबंध इंग्लंडमधील डेव्हिड बार्कर यांनी १९८०च्या दशकात दाखविला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांतील मातांचा व अपत्यांचा जो दीर्घ अभ्यास चालविला, त्यात आपली बालके वजनाने कमी असूनही त्यांच्या शरीरात मेदाचे प्रमाण तुलनेने अधिक असते, हे पुढे आले. मधुमेहाचे मूळ तेथपर्यंत जाते. तो अभ्यास मातेच्या पोषणाचा होता, वयाचा नव्हे. पण ज्या मुलीची स्वतःची वाढच पुरी झालेली नाही, तिच्या कुक्षीतील गर्भाला पोषण कोठून मिळावे? अल्पायु हा शब्द वाग्भटांनी अशाच गर्भासाठी योजला असावा. म्हणून तुलनाच करावयाची, तर आपल्या राज्यात अपत्याच्या आयुष्याला खरा धोका उशिरा होणाऱ्या मातृत्वापेक्षा अकाली लादलेल्या मातृत्वाचा अधिक आहे, असे आम्ही मानतो. आपल्या व्यवसायात मात्र चर्चा पहिल्याचीच होते. कारण शहरातील पस्तिशीची स्त्री शुल्क देऊ शकते, उसाच्या फडावरील सोळा वर्षांची मुलगी देऊ शकत नाही.

वैद्यांनी काय करावे

पहिली गोष्ट अगदी साधी आहे. वंध्यत्वासाठी आलेल्या दांपत्याच्या रुग्णपत्रकावर दोघांचेही वय लिहावे आणि दोघांचीही परीक्षा करावी. पतीची शुक्रपरीक्षा न करता पत्नीला महिनोन्‌महिने औषधे देणे शास्त्राला धरून नाही. २०२१ च्या सहाय्यित प्रजननविषयक कायद्याने या उपचारांसाठी स्त्रीला ५० आणि पुरुषाला ५५ वर्षांची कमाल मर्यादा घातली आहे. पुरुषाच्या वयालाही सीमा असते, हे कायद्याने मान्य केले. चरकांनी त्यापूर्वीच केले होते.

दुसरी गोष्ट वेळेची. पस्तिशी ओलांडलेल्या स्त्रीला सहा महिन्यांत गर्भधारणा न झाल्यास पुढील तपासण्यांसाठी तज्ज्ञांकडे पाठविण्याचा संकेत आहे. आपल्यापैकी काही जण अशा स्त्रीला दोन-दोन वर्षे बस्तीवर व घृतांवर ठेवतात. त्या दोन वर्षांची किंमत आपण देत नाही, ती देते. शोधन, बस्ती व वाजीकरण यांचे मोल आम्हांस मान्य आहे, पण ते तपासण्यांच्या जोडीने व्हावे, त्यांच्या आड येऊ नये.

तिसरी गोष्ट गर्भाधानपूर्व काळाची. वय बदलता येत नाही. बीज ज्या रसावर पोसते तो रस बदलता येतो. पुरुषबीज तयार होण्यास अडीच ते तीन महिने लागतात. म्हणून किमान तीन महिने आधी उभयतांचे तंबाखू, मद्य व जागरण बंद करावे, अग्नी सुधारावा, रक्तशर्करा, थायरॉइड व रक्तातील लोह तपासावे, थॅलसेमियाची चाचणी करून घ्यावी आणि स्त्रीला फॉलिक अॅसिड सुरू करावे. हा कार्यक्रम आपल्या बीजशुद्धीच्या कल्पनेशी सर्वथा सुसंगत आहे.

चौथी गोष्ट, ग्रामीण भागातील वैद्यांसाठी. तालुक्याच्या गावी कुटुंबाचा विश्वास पुष्कळदा आयुर्वेदाच्या पदवीधरावरच असतो. मुलीच्या विवाहाची बोलणी सुरू झाल्याचे त्याला सर्वांआधी कळते. ‘इतक्या लवकर कशाला?’ हे त्याने त्याच वेळी, शास्त्राचा आधार देऊन सांगितले पाहिजे. नातवाचे आयुष्य उणे होईल, हे वाक्य कायद्याच्या कलमापेक्षाही आजीच्या मनाला अधिक भिडते.

पाचवी व शेवटची गोष्ट आश्वासनांची. ‘शतायुषी’, ‘तेजस्वी’ संततीची हमी देणाऱ्या जाहिराती आपल्याच व्यवसायातून निघत आहेत. जे चरकांनी दैव व पुरुषकार या दोहोंवर सोपविले, त्याची हमी तीन महिन्यांच्या शुल्कात देण्याचा अधिकार कोणा वैद्याला आहे?

या लिखाणावर एक आक्षेप संभवतो. वयाचे दोष असे उघड सांगितल्यास लोक पुन्हा लवकर विवाहाकडे वळतील, असे काहींना वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. विशी ते पस्तिशीचा मोठा अवकाश शास्त्र व विज्ञान या दोहोंना मान्य आहे. ज्यांना निवड करता येते त्यांनी तो जाणून निवड करावी. ज्यांना परिस्थितीने उशीर झाला, त्यांच्यापुढे ४.४ वर्षांचा आकडा ठेवून त्यांना घाबरविण्याचे कारण नाही. तो सरासरीचा आकडा आहे, एखाद्या मुलीचे भविष्य नव्हे. चांगले पोषण, शिक्षण, वेळेवर उपचार आणि तिच्या तारुण्यापर्यंत निरोगी राहिलेले मातापिता हे सर्व त्या आकड्याला पुरून उरू शकते. वयस्क पालकाने स्वतःची प्रकृती सांभाळणे हीही अपत्याच्या आयुष्याचीच चिकित्सा होय. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पिता झालेल्या पुरुषाला त्याचा रक्तदाब व त्याची तंबाखू यांविषयी बजावणे, हे त्याच्या कन्येसाठी लिहून दिलेले पहिले रसायन समजावे.

संघटनेने आपल्या पुढील वार्षिक अधिवेशनात या विषयावर एक सत्र ठेवावे आणि गर्भाधानपूर्व तपासणीचे, पतिपत्नी दोघांच्या नोंदींसह, एक समान रुग्णपत्रक सभासदांना उपलब्ध करून द्यावे, अशी आमची सूचना आहे. त्यावर पतीच्या वयाचा रकाना पत्नीच्या वयाच्या शेजारी, त्याच ओळीत असावा.